तीन टिंबांची गोष्ट

सी शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रोग्रॅम एकच असतो. स्क्रीनवर 'हॅलो वर्ल्ड' छापायचा. त्यासाठी जे फंक्शन वापरतो ते म्हणजे प्रिंटएफ. पुढच्या धड्यात तेच प्रिंटएफ दोन आकडे छापतं, त्याच्या पुढच्या धड्यात नाव, वय आणि पगार एका ओळीत छापतं. कधी एक आर्ग्युमेंट, कधी तीन, कधी सात. कंपायलर हूं की चूं करत नाही. मग आपण स्वतःचं फंक्शन लिहायला लागतो आणि तिथे मात्र तोच कंपायलर कडक मास्तर होतो. दोन आर्ग्युमेंट्स ठरवलीत ना? मग दोनच द्या. तीन दिलीत, एरर. एक दिलंत, एरर.

प्रिंटएफलाच ही सूट कशी काय? हा प्रश्न वर्गात फारसा कोणी विचारत नाही, कारण तो परीक्षेला येत नाही. असो.

या सवलतीचं तांत्रिक नाव 'व्हेरिॲडिक फंक्शन'. डिक्लेरेशनमध्ये तिची खूण म्हणजे कंसात शेवटी दिलेली तीन टिंबं. दिसायला किरकोळ सोय आहे. पण या टिंबांच्या मागे साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: आर्ग्युमेंट्स किती आली, हे मोजायचं कोणी? कॉल करणाऱ्याने, ज्याला कॉल केला त्याने, की मधल्या कंपायलरने? वेगवेगळ्या भाषांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली. त्यातलं सगळ्यात लोकप्रिय उत्तर सगळ्यात महागात पडलं, ते कसं हे या वीकेंडला बघू.

राखीव डबा

सुरुवातीच्या भाषांनी हा प्रश्न सोपा करून टाकला होता. वाटेल तितकी आर्ग्युमेंट्स घेण्याचा हक्क फक्त भाषेच्या स्वतःच्या फंक्शन्सना. बाकीच्यांनी जनरल डब्यातून जायचं.

१९५७ साली आयबीएम ७०४ साठी आलेल्या फोरट्रानमध्ये सर्वांत मोठी संख्या काढणारं मॅक्स फंक्शन होतं. त्याला दोन द्या नाहीतर दहा संख्या द्या, चालायचं. पण असं फंक्शन तुम्हाला स्वतः लिहायचं असेल तर सोय नाही. छपाई तर फोरट्रानमध्ये फंक्शनच नव्हती, ते भाषेतलंच एक विधान होतं आणि कंपायलर त्याच्याकडे जातीने लक्ष द्यायचा. अल्गोल ६० च्या मंडळींनी तर कमालच केली. १९६० च्या त्यांच्या अहवालात इनपुट-आउटपुटबद्दल काही लिहिलंच नाही. ज्याने त्याने आपापलं बघावं!

निकलाउस विर्थ यांची पास्कल १९७० सालची. तिच्यातलं राईटलाइन आपल्यापैकी अनेकांनी वापरलं असेल. त्याला कितीही आणि कुठल्याही टाइपची आर्ग्युमेंट्स चालतात. पण ती कंपायलरची जादू आहे. कंपायलर ती यादी सुटी करतो आणि एकेका गोष्टीसाठी वेगळा कॉल तयार करतो. मोजणी कंपायलरची असल्यामुळे चुकायचा प्रश्नच नाही. पण राईटलाइनसारखी प्रोसीजर तुम्ही मूळ पास्कलमध्ये लिहायला जाल, तर ते जमणार नाही.

याला मोठा अपवाद लिस्पचा. जॉन मॅकार्थी यांच्या या भाषेचं सगळं जगच लिस्टचं. १९६२ च्या लिस्प १.५ मध्ये प्लसला हवी तितकी आर्ग्युमेंट्स देता येत. आर्ग्युमेंट्सची यादी हीसुद्धा एक लिस्टच, आणि लिस्टला तिचा शेवट माहीत असतो. 'किती आली' हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बी नावाच्या भाषेतली युक्ती

आता बेल लॅब्ज. मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेत राईटएफ नावाचं फंक्शन होतं. त्याला एक मजकूर द्यायचा, त्यात टक्क्याची चिन्हं पेरायची आणि त्या त्या जागी भरायच्या किमती पुढे लिहायच्या. बीसीपीएलवरून केन थॉम्प्सन यांनी बी ही भाषा केली आणि बीवरून डेनिस रिची यांची सी आली. राईटएफच्या घराण्यातलं प्रिंटएफ हे नाव बीमध्येच दिसतं.

थॉम्प्सन यांच्या १९७२ च्या बीच्या मॅन्युअलमध्ये प्रिंटएफचा अख्खा कोड छापला आहे. पानभरसुद्धा नाही. त्यात पॅरामीटर्स आहेत फॉरमॅट आणि पुढे एक्स-१, एक्स-२ असं करत एक्स-९ पर्यंत. तीन टिंबं वगैरे काही नाही. मग हे चालतं कसं? पहिल्या एक्सचा मेमरीतला पत्ता घ्यायचा. फॉरमॅटमध्ये टक्का दिसला की त्या पत्त्यावरची किंमत उचलायची आणि पत्ता एक घर पुढे सरकवायचा. बस्स. बीमध्ये टाइप नव्हते, सगळं एकाच मापाच्या शब्दात मावायचं. त्यामुळे एक घर म्हणजे नेमकं किती, हा प्रश्नही नव्हता. कॉल करताना दोनच आर्ग्युमेंट्स दिली तरी भाषेची तक्रार नसे.

पास्कलच्या जादूच्या तुलनेत हा जुगाड आहे, मान्य. पण त्याचा एक मोठा फायदा बघा. छपाई भाषेच्या पोटातून बाहेर पडून लायब्ररीत गेली. कोणीही उठून स्वतःचं प्रिंटएफ लिहू शकत होतं. सीमध्ये हेच धोरण पुढे चाललं. म्हणून सी भाषा छोटी राहिली आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणं सोपं झालं.

मोजायचं कोणी? या युक्तीत उत्तर आहे, कॉल करणाऱ्याने. फॉरमॅटमधल्या टक्क्यांची संख्या म्हणजेच मोजणी. फंक्शनने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

स्टॅकवर नेमकं काय होतं

सी आली तसे टाइप आले आणि घरं लहान-मोठी झाली. आता टक्क्यापुढचं अक्षर दोन कामं करायला लागलं. छापायचं कसं हे तर सांगायचंच, शिवाय मेमरीत किती बाइट पुढे जायचं हेही त्यावरूनच ठरायला लागलं. गोंधळ कमी व्हावा म्हणून एक नियम झाला. टिंबांच्या जागी येणारे कॅरेक्टर आणि शॉर्ट हे इंट होऊन जातात, फ्लोट हा डबल होऊन जातो. प्रिंटएफमध्ये फ्लोट आणि डबल दोन्हीला %एफ चालतं, पण स्कॅनएफमध्ये डबलसाठी %एलएफ लागतं, हा पाठ करून सोडून दिलेला नियम आठवतोय? त्याचं कारण हे. स्कॅनएफला किंमत जात नाही, पत्ता जातो, आणि पत्त्याला बढती मिळत नाही.

दुसरी गंमत आर्ग्युमेंट्स स्टॅकवर कुठल्या क्रमाने ठेवायची याची. सीच्या रूढ पद्धतीत ती उजवीकडून डावीकडे ठेवतात. म्हणजे शेवटचं सगळ्यात आधी आणि पहिलं सगळ्यात शेवटी, अगदी वर. प्रिंटएफला फॉरमॅट नेमक्या ठरलेल्या जागी सापडतो, मागे कितीही गर्दी असो. आणि काम झाल्यावर स्टॅक कोणी आवरायचा? कॉल करणाऱ्याने. कारण किती सामान ठेवलं होतं हे फक्त त्यालाच ठाऊक.

पास्कलच्या पद्धतीत उलटं. आर्ग्युमेंट्स डावीकडून उजवीकडे, आणि आवराआवर फंक्शनने स्वतः करायची. संख्या ठरलेली असल्यामुळे ते शक्य होतं आणि दर कॉलमागे थोडे बाइट वाचत. मेमरीची चणचण असलेल्या १६ बिटच्या विंडोजने म्हणून पास्कलची पद्धत उचलली. पुढे ३२ बिटमध्येही फंक्शननेच आवरायचं, हा भाग कायम राहिला. पण विंडोजच्या डब्ल्यूएसप्रिंटएफ या फंक्शनला मात्र सीच्या पद्धतीनेच कॉल करावं लागतं. त्याला तीन टिंबं आहेत ना!

सांगायच्या तीन तऱ्हा

फंक्शनला स्वतःहून कळत नाही म्हटल्यावर कोणीतरी सांगायला हवं. सी आणि युनिक्सच्या जगात याच्या तीन तऱ्हा झाल्या.

पहिली फॉरमॅटची, ती आपण पाहिली. दुसरी तऱ्हा म्हणजे शेवटी खुणेचा दगड ठेवायचा. दुसरा प्रोग्रॅम सुरू करणारं एक्झेकएल हे फंक्शन नल दिसेपर्यंत आर्ग्युमेंट्स वाचत जातं. तिथे नलऐवजी नुसतं शून्य लिहिलं तर ३२ बिटच्या यंत्रांवर बऱ्याचदा खपून जायचं. ६४ बिटवर शून्य चार बाइटचं आणि पॉइंटर आठ बाइटचा, त्यामुळे दगड ओळखू येईलच याची खात्री राहिली नाही. तिसरी तऱ्हा, दुसऱ्या आर्ग्युमेंटवरून अंदाज करायचा. फाइल उघडणारं ओपन हे फंक्शन दोन किंवा तीन आर्ग्युमेंट्स घेतं. 'फाइल नसेल तर नवी कर' असं सांगितलं असेल तर ते तिसरं आर्ग्युमेंट म्हणून परवानग्या वाचतं. तुम्ही त्या दिल्याच नसतील तर? त्या जागी जो काही कचरा पडलेला असेल, त्याच परवानग्यांनी फाइल तयार होते.

गमतीची गोष्ट म्हणजे चौथी आणि सरळ तऱ्हा याच लोकांना चांगली माहीत होती. मेन फंक्शनला काय मिळतं आठवा. आर्गसी म्हणजे संख्या, आणि आर्गव्ही म्हणजे यादी. मोजून दिलेलं! काही जुन्या प्रणालींत एन-आर्ग्ज नावाचं फंक्शनही होतं, किती आर्ग्युमेंट्स आली ते सांगणारं. पण ते बहुतेक वेळा आर्ग्युमेंट्स मोजायचं नाही, मेमरीतले शब्द मोजायचं. एका डबलचे दोन-चार शब्द झाले की हिशेब चुकला.

पत्ता पुढे सरकवण्याची युक्ती प्रत्येक यंत्रावर चालेना. काही प्रोसेसर पहिली काही आर्ग्युमेंट्स स्टॅकवर ठेवतच नाहीत, रजिस्टरमधून पाठवतात. मग पत्ता कशाचा घेणार? म्हणून ही युक्ती मॅक्रोंच्या आड लपवणारी व्हॅरआर्ग्ज ही हेडर फाइल युनिक्सवर रुळली. दरम्यान ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांच्या सी++ मध्ये डिक्लेरेशनच्या शेवटी टिंबं द्यायची पद्धत आली. १९८९ च्या अमेरिकन प्रमाण सीने फंक्शनचे प्रोटोटाइप सी++ कडून घेतले, त्यासोबत टिंबंही आली आणि एसटीडीआर्ग ही आजची हेडर फाइलही. जुगाडाला नियम मिळाले. मोजणी मात्र अजूनही कॉल करणाऱ्याच्या भरवशावर.

विश्वासाची किंमत

आता मुख्य मुद्दा. समजा युजरने टाइप केलेलं नाव छापायचंय. शहाणा माणूस प्रिंटएफला आधी "%एस" देतो आणि मग नाव. घाईतला माणूस नुसतं नावच देतो. दोन्ही चालतं. टेस्टिंगमध्ये दोन्ही पास होतं. कारण कोणाच्याही नावात टक्का नसतो.

पण युजरने नावाच्या जागी मुद्दाम "%एक्स %एक्स %एक्स" लिहिलं तर? प्रिंटएफ इमानदारीने तीन घरं वाचून छापतं. तीन आर्ग्युमेंट्स आलेलीच नाहीत, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीतला मजकूर परक्या माणसाला दिसला. आणि %एन तर याहून घातक. आतापर्यंत किती अक्षरं छापली हा आकडा ते एका पत्त्यावर *लिहून* ठेवतं. छापणारं फंक्शन मेमरीत लिहितं! हल्लेखोराने नीट हिशेब केला तर हव्या त्या जागी हवी ती किंमत लिहिता येते, आणि तिथून अख्खं मशीन ताब्यात.

याचा सुगावा लवकर लागला होता. विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्सच्या प्रोग्रॅम्सना यादृच्छिक कचरा भरवून पाहिला. १९९० साली छापलेल्या त्यांच्या लेखात सी-शेल %८एफ अशा मजकुराने कोसळल्याची नोंद आहे. पण तेव्हा ती 'प्रोग्रॅम पडतो' इतपतच बाब वाटली. सप्टेंबर १९९९ मध्ये प्रोएफटीपीडी या सर्व्हरमधली अशी चूक एका सिक्युरिटी यादीवर मांडली गेली. जून २००० मध्ये इंटरनेटवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूयू-एफटीपीडी सर्व्हरमध्ये तीच चूक सापडली, तीही अशी की बाहेरच्या माणसाला थेट रूटचे अधिकार मिळावेत. मग लोकांनी आपापले कोड उघडून बघितले आणि चुका भराभर निघत गेल्या. जानेवारी २००१ मध्ये रामेन नावाचा वर्म लिनक्स मशीन्सवर पसरला. तो आत शिरायला तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅम्समधली भोकं वापरायचा आणि तिन्ही भोकं याच जातीची होती. जवळजवळ तीस वर्षं जो जुगाड बिनतक्रार चालला, त्याचं बिल असं एकदम आलं.

उपाय झाले. जीसीसी कंपायलर फॉरमॅटमधले टक्के आणि दिलेली आर्ग्युमेंट्स ताडून वॉर्निंग देतो. म्हणजे मोजणी परत कंपायलरकडे आली, पण फॉरमॅट समोर लिहिलेला असेल तरच. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ २००५ पासून %एन आपणहून बंद ठेवलं. तरी जून २०२१ मध्ये काय झालं? "%पी%एस%एस%एस%एस%एन" अशा नावाच्या वाय-फायला आयफोन जोडला की त्याचं वाय-फायच बंद पडतं, असं उघडकीला आलं. सुधारणा पुढच्याच महिन्यात आयओएस १४.७ मध्ये आली. म्हणजे वाय-फायचं नाव कुठेतरी नुसतंच फॉरमॅट म्हणून गेलं होतं.

मराठीचाही संबंध आहे

हा सगळा इतिहास गृहीत धरतो की टक्क्यांचा क्रम आणि आर्ग्युमेंट्सचा क्रम एकच. इंग्रजीत 'थ्री ऑफ टेन' म्हणतात, आपण '१० पैकी ३' म्हणतो. इंग्रजी मजकुराच्या जागी मराठी भाषांतर ठेवलं की संख्या उलट्या पडतात. दोन्ही आकडेच असले तर फक्त '३ पैकी १०' असा विनोद होतो. पण एक फाइलचं नाव आणि एक आकडा असेल, आणि भाषांतरकाराने %एस आणि %डी यांची अदलाबदल केली, तर प्रिंटएफ आकड्यालाच पत्ता समजून तिथलं वाचायला जातं आणि प्रोग्रॅम पडतो. म्हणून युनिक्सच्या जगात %२$डी असं लिहायची सोय झाली, म्हणजे 'दुसरं आर्ग्युमेंट इथे घाल'. भाषांतराची फाइल तयार करणाऱ्या एमएसजीएफएमटी या साधनालाही हे टक्के ताडून बघायला सांगता येतं. मराठीकरणाचं काम केलेल्यांनी ही डोकेदुखी अनुभवली असेल.

बाकीच्यांनी काय केलं

जावाच्या पहिल्या आवृत्त्यांत टिंबं नव्हतीच. कितीही किमती द्यायच्या तर हाताने ऑब्जेक्ट्सचा ॲरे बांधायचा. सप्टेंबर २००४ च्या जावा ५ मध्ये तीन टिंबं आली, त्यासोबत प्रिंटएफही. पण आतून ती वेगळी आहेत. कंपायलर तुमच्या वतीने ॲरे बांधतो, आणि ॲरेला आपली लांबी ठाऊक असते. म्हणजे फिरून लिस्पच्याच वळणावर. टक्के जास्त आणि किमती कमी झाल्या तर एक्सेप्शन येतं, मेमरीतला कचरा छापला जात नाही. याची किंमत एवढीच की दर कॉलला एक ॲरे. म्हणूनच जावा ९ मधल्या लिस्ट-ऑफला शून्य ते दहा आर्ग्युमेंट्ससाठी वेगवेगळ्या मेथड्स आहेत आणि त्यापुढे टिंबं. लायब्ररीत ती रांग बघून 'हे कोणी कॉपी-पेस्ट केलं' असं वाटलं असेल, तर उत्तर हे. सी-शार्पमधलं पॅरम्स आणि पायथनमधला तारा याच कुळातले.

जावास्क्रिप्टने मोजायचंच सोडून दिलं. कमी दिलीत तर अनडिफाइन्ड, जास्त दिलीत तर दुर्लक्ष. "१", "२", "३" अशा स्ट्रिंग्जच्या ॲरेवर मॅपला पार्सइंट दिलं की उत्तर येतं १ आणि पुढे दोनदा 'हा आकडा नाही'. मॅप गुपचूप तीन आर्ग्युमेंट्स देतो आणि पार्सइंट दुसऱ्याला संख्येचा पाया समजतो. आणि रस्टने काय केलं? प्रिंटलाइनपुढे उद्गारचिन्ह लावलं, म्हणजे ते मॅक्रो, फंक्शन नाही. मोजणी कंपाईल होतानाच. सी++ २० मधलं फॉरमॅटही कंपाईल होतानाच तपासलं जातं. पास्कलची जादू कंपायलरच्या पोटातून काढून सगळ्यांना वापरायला दिली, असं म्हणा हवं तर.

खुद्द सी काही बदलली नाही. २०२४ मध्ये छापून आलेल्या सी २३ च्या प्रमाणात टिंबांच्या आधी एखादं नाव असलेलं पॅरामीटर हवंच, ही अटही काढून टाकली आहे. नुसती टिंबं लिहिली तरी चालतं. विश्वास कायम!

तेव्हा सोमवारी ऑफिसात गेल्यावर चहा होईपर्यंत एक काम करा. आपल्या कोडमध्ये प्रिंटएफ आणि त्याची भावंडं शोधा, विशेषतः लॉग लिहिणारी. पहिलं आर्ग्युमेंट अवतरणचिन्हांतला मजकूर आहे की बाहेरून आलेला व्हेरिएबल, एवढंच बघायचं. दुसऱ्या प्रकारातलं एक जरी सापडलं, तरी त्याआधी "%एस" लिहायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.